पहिलं बाळंतपण: क्लास लावावा का? तयारी कशी करावी? (सातारा–सांगली)

शाहूपुरीची_सून | १० जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. कालपासून तिसावा आठवडा लागला. मी पहिलटकरीण. तारीख ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली आहे. सासर साताऱ्यात, माहेर तासगाव. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण, मग रीतीप्रमाणे आईकडे जायचं आणि बाळंतपण सांगलीच्या दवाखान्यात, असं दोन्ही घरांनी ठरवलंय.

इथे पोवई नाक्याजवळ एक फिजिओथेरपिस्ट बाई बाळंतपणाच्या तयारीचा क्लास घेतात. सहा रविवार, दोन-दोन तास, फी साडेचार हजार, आणि सोबत घरचं एक माणूस आणायचं. पुण्याचा एक ऑनलाइन क्लास आहे, तो नऊ हजार. शिवाय गर्भसंस्कार वर्गाचं पत्रक तपासणीच्या दवाखान्यातच हातात पडलं, ते तिसरंच. नवरा शिरवळच्या एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी, रविवारची सुट्टी पक्की नसते. सासूबाई म्हणतात, "आम्ही काय क्लास लावून बाळंत झालो का? ज्यानं दिलंय तोच सोडवील." चिडून नाही म्हणत, त्यांना मनापासून तसं वाटतं.

पैशांचं जमेल कसंतरी. मला भीती वाटते, ही खरी गोष्ट आहे. रात्री तीनला जाग येते आणि फोनवर नको नको ते वाचत बसते. तपासणीला गेलं की वजन, बीपी, बाळाचे ठोके, "सगळं छान आहे", आणि पाच मिनिटांत बाहेर. कळा सुरू झाल्यात हे ओळखायचं कसं, इथपासून माझी पाटी कोरी आहे. ज्यांनी क्लास केला त्यांनी लिहा, ज्यांनी नाही केला त्यांनीही लिहा.

माणदेशी_माउली | ११ जून, सकाळी ६:१५

मला तीन लेकरं. दहिवडीच्या बाजूला असतो आम्ही. क्लास न्हाई, काय न्हाई. आईनं एकच सांगितलं होतं: कळ आली की दात आवळायचं न्हाईत. वर आवळलंस की खाली बी आवळतं. तेवढं धरून ठेवलं, तिन्ही येळेला उपयोगी पडलं. चालत र्‍हा, कामं करत र्‍हा, वेळेवर खा. साडेचार हजारात तुझी खारीक, बदाम, साजूक तूप सगळं होतंय. भिऊ नको बाळा.

वाईचा_बाबा | ११ जून, दुपारी १:०५

मी पुरुष आहे, तरी लिहितो, कारण क्लासला बायकोसोबत मीच गेलो होतो.

आम्ही ऑनलाइन केला होता. त्यातलं श्वासाचं बरंचसं बायको कळा चढल्यावर विसरली. मी विसरलो नाही. हा त्यातला खरा फायदा. कळ किती वाजता सुरू झाली, किती सेकंद टिकली, पुढची कधी आली, हे मी किराणा बिलाच्या मागच्या बाजूला लिहीत बसलो होतो. पाच मिनिटांना एक, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं तेव्हा निघालो. त्याआधी दोनदा बायको "चला" म्हणाली होती आणि दोन्ही वेळा कळा अर्ध्या तासात थांबल्या होत्या. पहिलं बाळंतपण आणि दवाखाना जवळ असेल तर हे गणित चालतं. लांब राहणाऱ्यांनी लवकर निघावं.

आता चुकलं ते सांगतो. दवाखान्यात पोचल्यावर मला प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर उभं केलं. "इथं पुरुषांना सोडत नाही." सहा आठवडे शिकलेला माणूस बाहेर, आणि आत तिच्याजवळ कोणीच नाही. शेवटी मेहुणीला अर्ध्या तासासाठी सोडलं, तिला यातलं काही माहीत नव्हतं. बायको आजही म्हणते की दुखण्यापेक्षा ते एकटेपण जास्त लक्षात राहिलं. आम्ही आधी विचारायला हवं होतं. नऊ महिने जात होतो तिथे, एकदाही विचारलं नाही.

तेव्हा क्लास कुठला हे नंतर ठरवा. आधी दवाखान्यात विचारा: कळांच्या वेळी माझ्याजवळ कोण थांबू शकेल? जे उत्तर येईल त्या माणसाला क्लासला न्या.

कृष्णाकाठ | ११ जून, रात्री १०:२०

मी क्लास पूर्ण केला. एकही तास बुडवला नाही. रोज सकाळी व्यायाम, फुलपाखरू आसन, श्वास, सगळं. आणि शेवटी सिझर झालं.

गर्भपिशवीचं तोंड सात सेंटीमीटर उघडलं होतं. बाळाचे ठोके प्रत्येक कळेला खाली जायला लागले आणि वेळेत वर येईनात. डॉक्टरांनी वीस मिनिटांत निर्णय घेतला. बाळ सुखरूप, मी सुखरूप. पण पुढचे तीन महिने मी मनातून खचले होते, कारण क्लासमध्ये बारा तासांत सिझर हा शब्द दोनदा आला असेल, आणि तोही "हे टाळायचं असेल तर" असा. मला वाटत राहिलं की माझंच काहीतरी कमी पडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "नॉर्मल का सिझर?" आणि मी मान खाली घालायचे. कुणी मला आधी सांगितलं असतं की ठोके उतरण्याचा माझ्या श्वासाशी काही संबंध नाही, तर ते तीन महिने मी माझ्या लेकराकडे बघण्यात घालवले असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशभरात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याची नोंद आहे. खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. त्यातली कुठली गरजेची आणि कुठली नाही, हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण आपल्यापैकी कितीतरी जणी त्या टेबलावर जाणार आहेत, हे धरून तयारी हवी ना? कंबरेत भूल देतात तेव्हा कसं बसायचं, पडद्यापलीकडे काय चाललेलं असतं, ओढल्यासारखं का जाणवतं, पहिल्यांदा उठताना टाक्यांवर उशी कशी धरायची, बाळाला पाजताना कुशीवर कसं वळायचं. हे मला एका आयाबाईंनी शिकवलं, तिसऱ्या दिवशी.

फी भरायच्या आधी त्या बाईंना विचार, "सिझरबद्दल किती वेळ शिकवता?" उत्तर टाळलं तर तो क्लास लावू नकोस.

आशाताई_जावळी | १२ जून, सकाळी ७:५०

मी आशा स्वयंसेविका आहे, मेढ्याच्या पलीकडच्या भागात. आमच्याकडे क्लास हा विषयच नाही. तापोळा-बामणोलीच्या बाजूला काही वाड्या अशा आहेत की आधी लाँचने कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, मग गाडी. आमच्या बायकांची तयारी म्हणजे तारखेच्या पंधरा दिवस आधी मेढ्यात किंवा साताऱ्यात नातेवाइकांकडे येऊन राहणं. श्वास नंतर, आधी रस्ता.

ज्यांना साडेचार हजार परवडत नाहीत त्याही हा धागा वाचत असतील, त्यांच्यासाठी लिहिते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, डॉक्टरांना प्रश्न विचारायला तो चांगला दिवस. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत, सिझर झालं तरी मोफत. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, न्यायची-आणायची गाडी सगळं त्यात आलं. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे दोन्ही नंबर नवऱ्याच्याच नाही, सासूच्या आणि शेजारणीच्या फोनमध्येही घालून ठेवा. माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत सगळ्यात वर. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आहेत, त्याचा अर्ज राहिला असेल तर तुमच्या भागातल्या आशाताईंना गाठा.

निवृत्त_सिस्टर | १२ जून, दुपारी ४:३०

मी एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी प्रसूतिगृहात, आधी ग्रामीण रुग्णालयात आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी. शाहूपुरीच्या सुनेला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना लिहिते. वेळ काढून वाचा.

कळ ओळखायची एक खूण सांगते, आम्ही नवीन मुलींना हीच शिकवायचो. आधी बोट नाकाच्या टोकावर ठेव, मग हनुवटीवर, मग कपाळावर. आता कळ आल्यावर तळवा पोटावर ठेव, बेंबीच्या वर. नाकाच्या टोकासारखं लागलं तर कळ हलकी. हनुवटीसारखं लागलं तर मध्यम. कपाळासारखं, दाबलं तरी बोट आत जात नाही असं लागलं, तर ती खरी जोराची कळ. खोट्या कळा चाललं, कुशीवर वळलं, पाणी प्यायलं की बसतात. खऱ्या कळांना तू काय करतेस याच्याशी देणंघेणं नसतं, त्या येतच राहतात आणि जवळजवळ येत जातात.

पण काही गोष्टींत कळांची वाट बघायचीच नाही. पाणमोट फुटली, मग कळा असोत-नसोत. पाणी हिरवट आलं. अंगावरून ताजं रक्त गेलं. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, चेहरा-हात सुजले. यातलं एकही झालं की निघायचं. रात्र आहे, पाऊस आहे, सकाळी बघू, असं म्हणायचं नाही. उशिरा आलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यांची तोंडं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

श्वासाचं शास्त्र फार मोठं नाही. डॉ. लमाझ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९५०च्या दशकात ही पद्धत पसरवली, रशियात पाहून आले होते ते. आजी चुलीपुढे बसून फुंकणीतून निखारा फुलवायची, आठवतंय? फूऽऽ अशी लांब, एकसारखी. राख उडेल इतकी जोरात नाही. कळ चढायला लागली की तशी फुंकर. आत घेतलेला श्वास आपोआप येतो, बाहेर सोडायचा तेवढा लांबवायचा. खांदे खाली, मुठी उघड्या, जबडा सैल. माणदेशी माउलीच्या आईने सांगितलेलं अगदी बरोबर आहे.

आणि पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेव. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली तसं स्पष्ट केलंय. पूर्वी आम्ही चार धरायचो. पाचनंतर दहापर्यंत पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागणं यात काही वावगं नाही. नातेवाईक तिसऱ्या तासाला "अजून कसं नाही?" म्हणून दारावर धडका मारतात आणि आतल्या बाईचा धीर खचतो. या वेळात पडून राहायचं नाही. चाल, खिडकीची कड धरून वाक, कंबर फिरव. जोखीम नसेल तर पाणी, सरबत, पेज घेता येते, मात्र तुझ्या डॉक्टरांना विचारून. सोबतच्या माणसाने माकडहाडाच्या वर तळव्याने घट्ट दाबून धरायचं, कळ ओसरेपर्यंत. एवढ्याने किती आराम पडतो हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

वाईच्या बाबांनी जे लिहिलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कळांच्या वेळी सतत कुणाची तरी सोबत मिळालेल्या बायकांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आहे, पंधरा हजारांवर बायकांचा. सोबत असेल तर नैसर्गिक बाळंतपणं वाढतात, सिझर कमी होतात, बाईच्या मनावर ओरखडा कमी राहतो. नुसत्या क्लासबद्दल इतकं ठाम कुणी सांगू शकत नाही. सरकारी दवाखान्यांतही सोबतीण ठेवायला परवानगी आहे, प्रसूतिगृहं सुधारण्याच्या 'लक्ष्य' या सरकारी कार्यक्रमात ते धरलेलं आहे. तेव्हा हक्काने विचारा. आमच्या वेळी आम्ही नातेवाइकांना बाहेर काढायचो. तसंच शिकवलं होतं आम्हाला. आज त्याचं वाईट वाटतं.

माणदेशी माउली, तुमचं तिन्ही वेळा सुखरूप झालं याचा आनंद आहे. पण "पूर्वी कुठे होतं हे" असं मी म्हणणार नाही. पूर्वी बाया मरायच्या. २०१८-२० च्या आकड्यांत महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्याची नोंद आहे, देशात ९७. हे आकडे खाली यायला कितीतरी जणींच्या रात्री गेल्यात. माहिती असणं हा त्यातलाच भाग.

माणदेशी_माउली | १२ जून, संध्याकाळी ७:४०

सिस्टर, खरं हाय तुमचं. माझी थोरली चुलती पहिल्याच बाळंतपणात गेली. घरात कोण बोलत न्हाई त्यावर. पोरी, जा तू क्लासला.

आयर्विन_पूल | १३ जून, सकाळी ९:१०

धाग्यात अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तारीख ऑगस्टची आणि बाळंतपण सांगलीत?

माझी मोठी लेक ऑगस्ट २०१९ मधली. नववा महिना भरलेला, आणि कृष्णा चढत होती. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि त्या वर्षी पाणी पन्नाशीच्याही पुढे गेलं. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं त्याच्या तळमजल्यात पाणी. माझ्या डॉक्टरांचा फोन लागेना. शेवटी मिरजेत, कधी न पाहिलेल्या डॉक्टरांकडे बाळंत झाले. फाइल घरी पलंगावर राहिली आणि घर पाण्यात. रक्तगटसुद्धा आठवणीने सांगितला.

तासगावला पुराची भीती नाही, पण तुझा दवाखाना सांगलीत कुठल्या भागात आहे ते बघ. आणि नवरा शिरवळहून येणार, म्हणजे चार-एक तास, तेही रस्ते उघडे असतील तर. घाबरवत नाही. प्रत्येक रिपोर्टचा फोटो काढून तीन जणांच्या फोनवर ठेव आणि मिरजेच्या बाजूचा एक दुसरा दवाखाना आत्ताच जाऊन बघून ये.

शाहूपुरीची_सून | १५ जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही, कारण घरात बरंच काही झालं.

काल दुपारी जेवणं झाल्यावर हा धागा मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत होत्या. वाईच्या बाबांचं वाचताना, "आत तिच्याजवळ कोणीच नाही" या ओळीला, त्यांचे हात थांबले. सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "ह्यांच्या वेळी मी चौदा तास एकटी होते. लोखंडी खाटेची कड धरून. कुणी येऊन सांगायचं नाही किती राहिलंय. मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं." हे म्हणजे माझा नवरा. तेहेतीस वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही.

मग थोड्या वेळाने विचारलं, "त्या क्लासला सोबतीला नवराच लागतो, का सासू चालते?"

आज आम्ही दोघी पहिल्या रविवारी जाऊन आलो. कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, चौथा पूर्ण रविवार सिझर आणि त्यानंतरचं उठणं-बसणं यावर असतो. मग फी भरली. सासूबाई वही घेऊन आल्या होत्या.

पुराचं वाचून आईशीही बोलले. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, त्यामुळे आईला वाईट वाटलं, रडली थोडी. पण तिचे गुडघे दुखतात, रात्री-अपरात्री तासगावहून सांगली गाठणं तिलाही अवघडच. शेवटी ठरलं की बाळंतपण साताऱ्यात, आई इथे येऊन राहील, आणि सव्वा महिन्यानंतर मी बाळाला घेऊन तासगावला जाईन. दोन दवाखान्यांत विचारलं. एकीकडे "सोबत कोणी नाही" असं उत्तर आलं. दुसरीकडे एक बाई आत चालेल म्हणाले. तिथे नाव घातलं.

निवृत्त_सिस्टर | १६ जून, सकाळी ८:२०

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्या वहीत अजून तीन गोष्टी लिहायला सांग. बाळ झाल्या-झाल्या, तब्येत ठीक असेल तर, आईच्या उघड्या छातीवर ठेवायला मागायचं. पहिल्या तासात पाजायला घ्यायचं आणि चीक पिळून टाकायचा नाही, मध-साखरेचं बोट नाही. आणि बाळ बाहेर काढायला म्हणून कुणी वरून पोट दाबायला लागलं तर "नको" म्हणायचं, तो जोर धोक्याचा असतो.

चौतीस आठवड्यांनंतर योनिमार्गाच्या खालच्या बाजूला तेलाने मालिश करतात, पहिलटकरणीला फाटणं आणि टाके कमी होतात. क्लासवाल्या बाईंना विचार, त्या दाखवतील. कळा याव्यात म्हणून एरंडेल मात्र कुणी कितीही सांगितलं तरी आपल्या मनाने घ्यायचं नाही.

सोनजाई | २ जुलै, दुपारी ३:१५

मला बावीसावा आठवडा, वाईत असते. धागा शेवटपर्यंत वाचला. तपासणीच्या दवाखान्यात सोबतीचं विचारलं तर रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, "आतापर्यंत कुणी विचारलं नाही, डॉक्टरांना विचारून सांगते." पुढच्या तपासणीला पुन्हा विचारणार आहे.

शाहूपुरीची_सून | २३ ऑगस्ट, पहाटे ४:५०

बाळ झोपलंय म्हणून लिहिते. मुलगी झाली, १७ तारखेला, २ किलो ८००. नॉर्मल, थोडे टाके.

१६ तारखेला रात्री साडेनऊला कळा सुरू झाल्या. पाऊस कोसळत होता, लाइट गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात सासूबाई वहीत वेळा लिहीत होत्या आणि मधूनमधून माझ्या पोटावर हात ठेवून म्हणायच्या, "अजून हनुवटीच आहे, झोप थोडी." दोन वाजता म्हणाल्या, "कपाळ." तेव्हा निघालो. नवरा रात्रपाळीला होता, तो पहाटे दवाखान्यात पोचला.

आत गेल्यावर श्वासाचं मीही विसरले. सगळं विसरले. त्या कानाशी फूऽऽ करत राहिल्या आणि मी त्यांच्या आवाजामागे सोडत राहिले. सहा तास त्यांनी माझ्या कमरेवर तळवा दाबून धरला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं मनगट सुजलेलं दिसलं, तेव्हा कळलं मला.

आता एक अडचण. सहावा दिवस आहे. बाळ दर दीड-दोन तासांनी उठतं आणि रडतं. बघायला आलेल्या बायका म्हणतात, दूध पुरत नाहीये, वरचं सुरू करा. आई आणि सासूबाई दोघी गोंधळल्यात. सिस्टर, वाचत असाल तर सांगा.

निवृत्त_सिस्टर | २३ ऑगस्ट, सकाळी ५:३०

जागीच आहे. अभिनंदन, बाळा.

दीड-दोन तासांनी उठणं हे या वयात बरोबरच आहे, पोट एवढंसं असतं. रडण्यावरून दूध मोजायचं नाही, लंगोटांवरून मोजायचं. आज सकाळपासून उद्या सकाळपर्यंत ओले लंगोट मोजायला सासूबाईंना सांग, वही आहेच त्यांच्याकडे. सहा किंवा जास्त झाले, शी पिवळी होत असेल आणि पाजल्यावर बाळ हात सैल सोडून झोपत असेल, तर दूध पुरतंय, वरचं काही द्यायचं नाही. सहापेक्षा कमी भरले, बाळ सुस्त वाटलं, पाजायलाही उठेना किंवा अंग पिवळं दिसलं, तर वाट न बघता बाळाच्या डॉक्टरांकडे. उद्या आकडा इथे लिही.

शाहूपुरीची_सून | २४ ऑगस्ट, सकाळी ६:१०

आठ. सासूबाईंनी नववा म्हणून एक अर्धा ओला वेगळा लिहून ठेवलाय.